पाय आधी भार पेलतो, मग दिसतो: मोठ्या मॉडेलचं लँडिंग गिअर मुळापासून

१:१६ स्केलचं पी-५१ डी मस्टँग हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान प्लायवूडचे स्पार (पंखातले मुख्य आडवे दांडे), लाकडी रिब (पंखाला आकार देणाऱ्या फळ्या) आणि वर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा अशा पद्धतीने बांधलं तर पूर्ण होईपर्यंत दीड किलोच्या घरात सहज जातं. शेपटीचं चाक त्यातला थोडाच भाग पेलतं. उरलेलं सगळं दोन मुख्य पायांवर येतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. छोट्या किटमधला प्लॅस्टिकचा पाय इथे चालत नाही. तो मोडत नाही, हळूहळू वाकतो. पॉलिस्टायरीनवर कायमचा भार ठेवला की ते महिनोन्‌महिने सरकत राहतं आणि एक दिवस पंखाचं एक टोक खाली आलेलं दिसतं. व्हाइट मेटलचे (कथिल-शिशासारख्या मऊ मिश्रधातूचे) ओतीव पायही मऊच, तेही बसतात.

म्हणून मोठ्या मॉडेलचा पाय धातूचाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण धातू वापरला म्हणजे काम झालं असंही नाही. उभ्या विमानाचं वजन त्याच्या पायांत दिसतं: पिस्टन किती आत गेलाय, टॉर्क लिंकचा (पायाच्या दोन भागांना जोडणाऱ्या कात्रीचा) कोन किती मिटलाय, टायर किती दबलाय, ब्रेकच्या होजला किती झोळ आलाय. या चारही गोष्टी एकाच मापाशी बांधलेल्या असतात. ते माप ठरल्याशिवाय नळी कापायची नाही.

उंचीपासून सुरुवात

ओलिओ स्ट्रट म्हणजे वर सिलिंडर, त्यात खालून शिरणारा पिस्टन, आत हायड्रॉलिक तेल आणि दाबाखालची हवा किंवा नायट्रोजन. विमान हवेत असताना पिस्टन पूर्ण बाहेर लटकतो. जमिनीवर वजन आलं की वायू दबतो आणि पिस्टन बराचसा आत जातो. उभ्या विमानाचा चकचकीत पिस्टन किती दिसायला हवा, हे देखभाल पुस्तिकेत दिलेलं असतं. बऱ्याच विमानांवर पायालाच तशी सूचना-पट्टी चिकटवलेली असते. त्रिदृश्य रेखाचित्रांचा मात्र भरवसा नाही. काहींत पाय भाराखालचा दाखवलेला असतो, काहींत पूर्ण लांबलेला, आणि कोणता ते लिहिलेलं नसतं. चित्रातला पिस्टन मोजा, पुस्तिकेशी ताडून पाहा, मगच पुढे जा.

संग्रहालयातल्या विमानांचे फोटो तपशिलासाठी अमूल्य आहेत, उंचीसाठी नाहीत. बरीच विमानं वर्षानुवर्षं उभी असल्यामुळे त्यांच्या स्ट्रटमधला दाब गेलेला असतो आणि पिस्टन तळाला टेकलेला असतो. काही ठिकाणी तसं होऊ नये म्हणून आत ठोकळा घालून पाय कायमचा अडकवलेला असतो. आज उडणाऱ्या जुन्या विमानांवर होज, क्लिप, टायर नव्या काळातले असतात. उंचीसाठी त्या काळातले, इंधन भरून धावपट्टीजवळ उभ्या असलेल्या विमानांचे फोटो घ्या. माप काढायला टायरच सगळ्यात सोयीचा. मस्टँगचा मुख्य टायर २७ इंची, म्हणजे ६८६ मिमी. १:१६ ला ४२.९ मिमी. बाजूने आणि लांबून काढलेल्या फोटोत टायरचा आडवा व्यास मोजायचा आणि त्या प्रमाणात बाकीची मापं काढायची. उभा व्यास घेऊ नका, तो दबलेला असतो. जवळून काढलेल्या फोटोत पुढच्या गोष्टी मोठ्या दिसतात, त्यामुळे चाक आणि स्ट्रट एकाच प्रतलात आहेत असे फोटोच कामाचे.

टायर किती दाबायचा हेही आत्ताच ठरवायचं. ४२.९ मिमीच्या टायरचा तळ १.२ मिमी सपाट केला तर जमिनीला टेकणारा पट्टा सुमारे १४ मिमी लांब होतो. हलक्या वजनाने उभ्या असलेल्या लढाऊ विमानाला हे शोभतं. बॉम्ब आणि जादा टाक्या लटकवणार असाल तर २ मिमीपर्यंत जायला हरकत नाही. महत्त्वाची गोष्ट ही की १.२ मिमी धरल्यावर आसाची जमिनीपासूनची उंची टायरच्या त्रिज्येएवढी, म्हणजे २१.४५ मिमी राहत नाही, २०.२५ होते. पायाची लांबी पूर्ण त्रिज्या धरून काढली आणि नंतर टायर घासला, तर अख्खं विमान १.२ मिमी खाली बसतं आणि जमिनीशी असलेला कोनही बदलतो.

दोन पायांच्या लांबीतला फरक किती चालेल, याचं उत्तर साध्या गुणोत्तरात आहे. मस्टँगच्या दोन चाकांमधलं अंतर ११ फूट १० इंच आणि पंखविस्तार ३७ फूट. १:१६ ला २२५ मिमी आणि ७०५ मिमी. म्हणजे एक पाय दुसऱ्यापेक्षा १ मिमी लांब झाला तर पंखांच्या दोन टोकांच्या उंचीत ३.१ मिमीचा फरक पडतो, आणि तो समोरून बघणाऱ्याच्या पटकन नजरेत भरतो. स्पिटफायरची चाकं तर खूपच जवळ असतात, जेमतेम १.७ मीटर, तिथे तोच १ मिमी टोकाला सहा मिमीच्या वर जातो. मस्टँगसाठी ०.३ मिमी ही मर्यादा ठेवावी, स्पिटफायरसाठी ०.१५.

गाभा

हिशेब करून बघू. दीड किलोच्या मॉडेलमध्ये प्रत्येक मुख्य पायावर साधारण ६५० ग्रॅम येतात. पाय ९० मिमी लांब आणि १५ अंश पुढे झुकलेला असेल तर चाकाचा टेकू मुळापासून सुमारे २३ मिमी पुढे पडतो. यातून मुळाशी जो वाकवणारा भार येतो, त्याने २ मिमी व्यासाच्या भरीव सळईत सुमारे १८७ मेगापास्कल ताण पडतो. ३ मिमीमध्ये तोच ५५ वर येतो, कारण ताण व्यासाच्या घनाच्या प्रमाणात घटतो. तापवून मऊ पडलेलं पितळ १८७ ला हमखास वाकतं. शिवाय मॉडेल टेबलावर ठेवताना बसणारा धक्का याच्या दुप्पट-तिप्पट असतो. ३ मिमीपेक्षा बारीक गाभा ठेवूच नये, आणि तो स्टीलचा असावा.

माझी आवडती रचना अशी: पिस्टन आणि गाभा वेगळे करायचेच नाहीत. ३/१६ इंची, म्हणजे ४.७६ मिमीची स्टेनलेस सळई आसापासून पंखातल्या खोबणीपर्यंत एकसंध जाते. खालचा उघडा भाग म्हणजे चकचकीत पिस्टन. त्यावर ७/३२ इंची पितळी नळी सरकवली की झाला सिलिंडर. सिलिंडरवरच्या कॉलरसाठी त्यावर १/४ इंची नळीचे तुकडे. छंदाच्या दुकानात मिळणाऱ्या या पितळी नळ्यांची भिंत ०.०१४ इंच, म्हणजे ०.३६ मिमी असते आणि त्या १/३२ इंचाच्या पायऱ्यांनी येतात, म्हणून एकीत दुसरी जेमतेम ०.०८ मिमीच्या फटीने बसते. तुमच्या विमानाचा पिस्टन १:१६ ला जाड किंवा बारीक येत असेल तर शेजारची जोडी घ्या, पद्धत तीच. यात सगळा भार स्टेनलेस पेलतं. पितळी नळी फक्त बाहेरचा आकार देते आणि ती किती खाली सरकवली यावर पिस्टन किती दिसेल ते ठरतं. उंचीचं माप शेवटपर्यंत हातात राहतं, हा मोठा फायदा.

खरी स्प्रिंग घालून हलणारा ओलिओ करावा असं पुष्कळांना वाटतं. उडणाऱ्या मॉडेलला तो हवाच. मांडून ठेवायच्या मॉडेलला माझ्या मते नको. ६५० ग्रॅमला ६ मिमी दबणारी स्प्रिंग फार नरम असते, साधारण १ न्यूटन प्रति मिमी. पाय तिरका असल्यामुळे पिस्टन नळीला एका बाजूने घासतो आणि ते घर्षण इतक्या नरम स्प्रिंगला जुमानत नाही. डावा पाय एका उंचीवर अडकतो, उजवा दुसऱ्या, आणि विमान कधीच सरळ उभं राहत नाही.

नळी कापायला चाकवाला पाइप-कटर वापरू नका. तो कड आत दाबतो आणि तेवढ्यानेच सरकणारी जोडी अडते. सोनारकामाची करवत, ४/० चं पातं, नळीच्या आत बसणारी सळई घालून, आणि नंतर कड बारीक कानशीने घासायची. आतला बर (कापताना उठलेली धारदार कड) तिकोनी स्क्रेपरने काढायचा. पितळात भोक पाडताना साधं ड्रिल खसकन आत खेचलं जातं आणि नळी फाटते किंवा बिट मोडतो. बिटच्या कापणाऱ्या दोन्ही कडांवर तेलदगडाने एक बारीक सपाट पट्टी घासून घेतली की तो खेचत नाही, खरवडतो. पितळासाठी असे बिट वेगळेच ठेवावेत. नळीला आडवं भोक पाडायचं असेल तर आत सळई, खाली व्ही-ब्लॉक, वर कानशीने घासलेला छोटा सपाट भाग आणि त्यावर सुंब्याची खूण, एवढं झाल्यावरच ड्रिल.

डाग द्यायचा क्रम

सिलिंडरवर दोन-तीन कॉलर, टॉर्क लिंकचे कान, वरचा ट्रनिअन (पाय ज्यावर फिरतो तो आडवा दांडा), दरवाजाच्या दांड्यांचे कान आणि होजच्या क्लिपा जोडायच्या असतात. एकच सोल्डर घेऊन सगळं करायला गेलं तर तिसरा तुकडा लावताना पहिला सुटतो. म्हणून उतरत्या तापमानाने जायचं. पहिले सांधे चांदीच्या डागाचे. कॅडमियम नसलेलं, ५६ टक्के चांदीचं मिश्रण ६१८ ते ६५२ अंश सेल्सिअसला वितळतं. पितळ ९०० च्या आसपास वितळायला लागतं, त्यामुळे अंतर आहे, पण पातळ नळीला ते अंतर संपायला वेळ लागत नाही. ज्योत आधी जाड तुकड्यावर, मग नळीवर. पुढचे सांधे कथिल-चांदीच्या मऊ सोल्डरने, ते २२१ अंशाला वितळतं. शेवटचे बारीकसारीक तुकडे १४५ अंशाच्या सोल्डरने, नाहीतर इपॉक्सीने.

यात एक नियम मोडायचा नाही. ज्या तुकड्यावर कथिल किंवा शिशाचं मऊ सोल्डर एकदा लागलंय, तो पुन्हा चांदीच्या डागाच्या तापमानाला नेऊ नका. ते कथिल पितळात शिरतं, धातू खातं आणि भिंतीला खड्डे पडतात. चांदीचे सगळे सांधे पूर्ण झाले, तपासले, स्वच्छ केले, मगच मऊ सोल्डर बाहेर काढायचं.

डागाने पितळ मऊ पडतं, हेही लक्षात ठेवा. लाल होईपर्यंत तापवलेली नळी हाताच्या दाबाने चेपते. आत स्टेनलेस असल्यामुळे आपल्या रचनेत ते चालून जातं, पण तापवल्यावर नळी व्हाइसमध्ये धरताना आत सळई हवीच. स्टेनलेस सळई स्वतः मात्र ज्योतीखाली आणू नका, तिच्यावर पिवळा-निळा रंग चढतो आणि पॉलिशने पूर्ण जात नाही. डाग देताना नळीत ग्रॅफाइटची कांडी ठेवली की आत आलेलं सोल्डर तिला चिकटत नाही. सोल्डर जिथे जायला नको तिथे मऊ पेन्सिलने रंगवून ठेवावं.

कॉलर आणि नळीत सोल्डर ओढलं जायला फट हवी, पण थोडीच: ०.०५ ते ०.१ मिमी. नळ्यांची जोडी इथे आपसूकच जुळते. सोल्डर बाहेर ढिगाने दिसत असेल तर ते आत गेलेलं नाही. एकतर सांधा नीट तापला नव्हता, किंवा फ्लक्स (सोल्डर वाहावं म्हणून लावायचं रसायन) आधीच जळून गेला होता.

चांदीच्या डागानंतरचा काचेसारखा फ्लक्स गरम पाण्यात विरघळतो. काळं पडलेलं पितळ दहा टक्के सायट्रिक अॅसिडच्या कोमट द्रावणात साफ होतं. या द्रावणात लोखंडी चिमटा घालू नका. घातला की द्रावणातलं तांबं पितळावर बसतं आणि तुकडे गुलाबी होतात. मऊ सोल्डरचा आम्लधर्मी फ्लक्स वापरला असेल तर शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, घासून, पुन्हा धुवा. सांध्यात राहिलेला थेंब काही महिन्यांनी रंगाखालून हिरवा होऊन बाहेर येतो.

आसाचा ठोकळा पितळाचा. त्यात ४.७६ मिमीचं भोक पिस्टनसाठी, काटकोनात किंवा विमानाच्या कॅम्बरप्रमाणे (चाकाच्या तिरकेपणाप्रमाणे) दुसरं ३ मिमीचं भोक आसासाठी. आस ठोकळ्यात चांदीच्या डागाने जोडा, तोवर सळई दूर ठेवा. मग सळई अॅनारोबिक रिटेनिंग गोंदाने (धातूच्या बंद फटीत घट्ट होणाऱ्या गोंदाने) बसवून आरपार १ मिमीची पिन ठोका. नुसत्या गोंदावर विसंबू नका. चाकाचा टेकू बाजूला असल्यामुळे ठोकळा सळईभोवती फिरायला बघतो, आणि ते फिरणं पिनच अडवते.

टॉर्क लिंक

पायाकडे बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा इथे जाते. सिलिंडरमध्ये पिस्टन गोल फिरू नये म्हणून मागे किंवा पुढे ही कात्री असते. सगळ्याच विमानांना ती नसते. मॉस्किटो या ब्रिटिश विमानाला तेलाचे ओलिओ नव्हतेच. रबराचे ठोकळे दाबले जाण्यावर ते पाय चालायचे आणि चाक दोन पायांच्या मध्ये होतं. पी-४७ या अमेरिकन लढाऊ विमानाचा पाय तर आत मिटताना ९ इंचांनी आखूड व्हायचा. आपल्या विमानाची यंत्रणा समजून घेतली नाही तर नसलेला भाग बनवून बसतो.

दोन्ही हात समान लांबीचे असतील तर हिशेब सोपा आहे. वरच्या आणि खालच्या खिळीतलं अंतर म्हणजे हाताच्या लांबीच्या दुप्पट, गुणिले मधल्या कोनाच्या निम्म्याचा साइन. हात १४ मिमीचा असेल आणि उभ्या विमानात कोन ९० अंश असेल तर अंतर १९.८ मिमी. पिस्टन पूर्ण बाहेर आल्यावर कोन १४० अंश होत असेल तर २६.३ मिमी. म्हणजे एवढ्या कात्रीतून पिस्टनची चाल साडेसहा मिमी मिळते. फोटोतला कोन आणि तुम्ही ठरवलेली पिस्टनची लांबी या हिशेबात बसत नसेल, तर दोहोंपैकी एक माप चुकलंय. कात्रीच्या कानांना डाग देण्यापूर्वी हा पडताळा घ्याच. ती उघडून जवळजवळ सरळ झालेली दिसत असेल तर विमान हवेत लटकवल्यासारखं वाटतं, बाकी काहीही कितीही सुंदर केलेलं असो.

बनवायची पद्धत: १.२ मिमीच्या पितळी पत्र्याचे चार तुकडे सुपरग्लूने एकावर एक चिकटवा. आधी दोन्ही टोकांची भोकं पाडा, आकार नंतर. भोकं एकत्र पडली की चारही हातांची लांबी एकसारखी निघते, आणि खरी गरज तेवढीच. मग भोकांत पिन घालून दोन्ही बाजूंना कडक केलेल्या स्टीलच्या गोल चकत्या बसवा. कानस चकतीला टेकली की घसरते, पितळाला लागत नाही, आणि टोकं सुंदर गोल होतात. मधली हलकी करणारी भोकं किंवा खाच शेवटी. अॅसिटोनमध्ये टाकलं की गठ्ठा सुटतो. खऱ्या लिंक घडीव असतात: कडा जाड, मधला भाग खोल, कोपरे गोलाईचे. मधला भाग दंडगोल बरने (ड्रिलवर फिरणाऱ्या छोट्या कातणीने) ०.३ मिमी खोल करा आणि कोपऱ्यांत इपॉक्सी पुट्टीची बारीक गोलाई द्या. तेवढ्याने पत्र्याचा सपाट तुकडा घडीव वाटायला लागतो. घडीव भागाच्या कडेवर साच्याची उभी रेघ असते. फोटोत दिसत असेल तर ती ताणलेल्या स्प्रूच्या (किटमधल्या प्लॅस्टिकच्या चौकटीच्या) केसाएवढ्या धाग्याने उभी करा, पूर्ण घासून टाकू नका.

खिळ्यांसाठी एम-१ चे षट्कोनी डोक्याचे बोल्ट, आट्यांसाठी ०.७५ मिमीचं भोक. टॅप (आटे पाडायचं हत्यार) बारीक असतो, अर्धा फेरा पुढे, पाव मागे, आणि तेल. मोडलेला टॅप पितळातून काढायला तुरटीच्या गरम द्रावणात तो तुकडा ठेवतात. तुरटी स्टील खाते, पितळाला फारसं काही करत नाही. त्याला तास न्‌ तास लागतात, पण दिवसभराचं काम वाचतं.

चाकं

रिम अॅल्युमिनियमची लेथवर, दोन अर्ध्यांत. टायरसाठी मूळ नमुना अॅसिटल या कडक प्लॅस्टिकचा कातून, त्याचा सिलिकॉन साचा, आणि त्यात काळी पॉलियुरेथेन रेझिन. साचा प्लॅटिनम-क्युअर सिलिकॉनचा करत असाल तर गंधक असलेली माती जवळ आणू नका, तिच्या संपर्कातलं सिलिकॉन चिकट राहतं. रबरी टायर खरा वाटतो, पण मला घन रेझिनचा बरा वाटतो. तो घासता येतो, रंग धरतो, भाराखाली आकार बदलत नाही. मऊ व्हिनाइलच्या टायरचा आणखी एक दोष: त्यातलं प्लॅस्टिसायझर पॉलिस्टायरीनमध्ये उतरतं आणि प्लॅस्टिकची रिम चिकट होऊन वितळते.

सपाट भाग काचेवर ठेवलेल्या १८० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासायचा, चाक ज्या कोनात उभं राहणार त्याच कोनात. कॅम्बर असलेलं चाक सरळ धरून घासलं तर एक कड हवेत राहते. नुसता सपाट तळ म्हणजे कापलेला टायर. त्याच्या दोन्ही बाजूंना भिंत थोडी फुगलेली हवी. इपॉक्सी पुट्टीने प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त ०.४ मिमी, टेकलेल्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांपलीकडे पाच-सहा मिमीपर्यंत विरवत नेलेली. त्याहून जास्त केलं की टायर पंक्चर दिसतो. आसाच्या टोकाला कानशीने एक बाजू सपाट करा आणि हबमध्ये एम-२ चा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला स्क्रू) ठेवा, म्हणजे सपाट भाग कायम खालीच राहील.

होज आणि नळ्या

सिलिंडरवरून खाली येणारी ब्रेकची नळी धातूची असते, पण जिथे पिस्टन सरकतो तिथे ती लवचीक होज होते. हलणाऱ्या सांध्यावरून कडक नळी सरळ ताणून नेलेली मॉडेलं पुष्कळ दिसतात. खऱ्या विमानात ती पहिल्याच लँडिंगला तुटली असती. होजला झोळ हवा, आणि तो पिस्टनच्या पूर्ण चालीला पुरेल एवढा. उभ्या विमानात पिस्टन आत गेलेला असल्यामुळे झोळ जास्तच दिसतो. १२ मिमीची होज १:१६ ला ०.७५ मिमी होते, ८ मिमीची नळी ०.५ मिमी. शिशाची तार वळायला फार गोड, पण बंद लाकडी पेटीतल्या किंवा आम्लधर्मी सिलिकॉन सीलंटच्या वाफांनी तिच्यावर पांढरी भुकटी येते आणि रंग उचलला जातो. तांब्याची तार मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकली की तीही जवळजवळ तितकीच मऊ होते. होजच्या टोकाला षट्कोनी नट: १ मिमी षट्कोनी सळईचा दीड मिमीचा तुकडा, मधून भोक. तार सरळ ठोकळ्यात शिरवू नका, नट दिसला पाहिजे. क्लिपा ०.८ मिमी रुंदीच्या पातळ पत्र्याच्या.

जिग, रंग, बसवणी

दोन्ही पाय एकाच वेळी, एकाच जिगवर बसवायचे. तळाला १८ मिमीचा सपाट बोर्ड, त्यावर मध्यरेषा, पंखातल्या खोबण्या योग्य उंचीवर धरणारे दोन खांब, आणि पायाच्या झुकावासाठी प्लायचे साचे. खोबणी म्हणजे ७/३२ इंची नळी, किमान २५ मिमी लांब, स्पारला चिकटवलेल्या ठोकळ्यात चोवीस तासांच्या इपॉक्सीने रोवलेली. पाच मिनिटांचं इपॉक्सी इथे नको, ते भाराखाली सरकतं. गोंद ओला असतानाच दोन्ही आसांवर एक सरळ पट्टी टेकवून बघा आणि शेपटीच्या मध्यबिंदूपासून दोन्ही आसांची अंतरं मोजा. ती समान नसतील तर एक चाक पुढे आहे. पाय खोबणीत एम-३ च्या ग्रब स्क्रूने अडकतो, त्यामुळे रंगकामाला सुटा काढता येतो.

रंगाआधी अॅसिटोनने पुसून पितळावर एच प्रायमर (धातूला किंचित खाऊन धरून बसणारा अस्तर-रंग). नुसता साधा प्रायमर कडांवरून पापुद्र्यासारखा सुटतो. पिस्टन झाका, आणि नळीचं आतलं तोंडही. तिथे दोन हात रंग गेला तर ०.०८ मिमीची फट संपते आणि सिलिंडर सरकत नाही. ओतीव भागांवर जाडसर सरफेसर ब्रशने टिपून थोडा खरबरीतपणा द्या, घडीव आणि कातलेल्या भागांवर देऊ नका. मळवताना पिस्टनवर तेल-माती थापायचा मोह होतो. सिलिंडरच्या तोंडाशी सील असतं आणि पिस्टन आत-बाहेर होताना ते त्याला पुसत राहतं, म्हणून चालू विमानाचा पिस्टन चकचकीतच असतो. ओल फक्त सीलच्या कडेला एक बारीक कडं आणि आसाच्या ठोकळ्यावर. ग्रीस टॉर्क लिंकच्या खिळ्यांभोवती, चिखल टायर आणि दरवाजाच्या खालच्या कडेला.

मस्टँगच्या आतल्या दरवाजांचं लक्षात ठेवा. इंजिन चालू असेपर्यंत चाकं खाली असतानाही ते बंद राहतात. बंद केल्यावर हायड्रॉलिक दाब उतरला की खाली लोंबतात. प्रोपेलर फिरताना दाखवणार असाल तर ते मिटलेले हवेत, आणि मग चाक जिथे आत जातं त्या कप्प्यातलं बरंचसं काम झाकलं जाईल हेही आधीच धरून चाला.

शेवटी मॉडेल काचेवर ठेवून प्रत्येक टायरखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. ती सपाट भागाच्या चारही बाजूंनी सारखीच अडली पाहिजे. मग पंखांच्या टोकांची उंची मोजा. फरक असेल तर आखूड पायाच्या खोबणीत तळाला ०.१ मिमी पत्र्याच्या चकत्या टाका. टोकाला ०.९ मिमीचा फरक म्हणजे मस्टँगसाठी तीन चकत्या. सिलिंडरची नळी ठरलेल्या मापावर आणून तिचा ग्रब स्क्रू आवळा. तो स्टेनलेसवर ओरखडा उठवतो, म्हणून त्याखाली पितळाचा बारीक गोळा ठेवा आणि आट्यांवर कमी ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एकच थेंब. जास्त ताकदीचा वापरलात तर दुरुस्तीला पाय काढताना ज्योत लावावी लागेल, आणि तोवर पंखावर रंग चढलेला असेल.